बाहेरगावची डाकीण

"तुमच्या गावात रक्त पेणारं कोणी आहे का?"

उमरखेडच्या त्या लॅबमध्ये माझा पहिलाच दिवस होता. समोरच्या स्टुलावर एक धिप्पाड शेतकरी शर्टाची बाही वर करून, डोळे गच्च मिटून बसला होता. मॅडमनी त्याच्या दंडाला रबर बांधला, शीर चाचपली आणि 'जेवण झालं का' विचारावं तशा सुरात हा प्रश्न विचारला. त्या माणसाने डोळे उघडले, मग तोंडही उघडलं. तो 'आँ?' म्हणेपर्यंत सुई आत जाऊन नळी भरली होती आणि मॅडम वर कापूस दाबत होत्या.

"टोचलं का जी?"

"नाही," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "माह्या गावात नाही. पण माह्या सासुरवाडीले होती म्हणतात एक."

मॅडमनी पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

त्याआधी मी यवतमाळला एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये होते. तिथे 'मूठ आवळा' आणि 'मूठ सोडा' यापलीकडे पेशंटशी कोणी बोलत नसे. नवऱ्याची बदली झाली म्हणून उमरखेडला आले आणि या बाईंच्या हाताखाली पडले. त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "मालकीण वेडी आहे." तो म्हणाला, "पगार देते ना?"

मॅडम पन्नाशीच्या. उंच, काटकुळ्या, आणि अंगात रक्त कमी असल्यासारख्या फिक्कट. ते खरंच कमी होतं. म्हणून रोज सकाळी स्टीलच्या ग्लासातून बीटाचा रस प्यायच्या, तोही आत जाऊन नव्हे, काउंटरवर उभ्या राहून पेशंटांच्या देखत. लहान पोरं ते लाल ओठ पाहून आईच्या पदरात शिरत. मी एकदा सुचवलं की पडद्यामागे प्या. त्या म्हणाल्या, "कायले? दारू थोडीच आहे."

त्या मूळच्या वणीच्या. लग्न केलं नव्हतं. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि रक्ताच्या नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरत असताना मोबाईलवर अंगठ्याने कादंबरी लिहायची, असा त्यांचा उद्योग होता. कादंबरी अद्भुतातली होती. सहस्रकुंडच्या धबधब्यामागे पाण्याच्या पडद्याआड एक राज्य आहे, तिथे रक्त पिऊन जगणारे लोक राहतात, त्यांची एक म्हातारी राणी आहे, असं काहीतरी. त्या राज्यात रक्तगटावरून घराणी होती आणि ओ निगेटिव्हवाले राजघराण्यातले. वाचनाच्या एका ॲपवर टोपणनावाने त्याचे भाग येत. वाचणारे बरेच होते आणि त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुपही होता. 'ताई, पुढचा भाग कधी?' असं तिथे रोज कोणी ना कोणी विचारायचं.

परदेशी रक्तपिपासूंवर त्यांचा राग होता. ते झगे, ते किल्ले, ती वटवाघळं.

"अवं, त्याइच्याकडचं ते लसणाले भेते म्हणे. इथं घरोघरी ठेचा. बिचारं उपाशी मरंन," त्या म्हणत. "परदेशातलं भूत उचलून आणलं का ते इथं भाड्यानं राह्यते. त्याले करमत नाही, अन् आपल्यालेबी करमत नाही. आपल्याले घरमालक भूत पायजे."

हे घरमालक भूत शोधायला त्या दर रविवारी स्कूटीवरून गावोगाव जात. दोनेक महिन्यांनी मीही मागे बसून जायला लागले. सोबत रक्ततपासणीचं सामान असे. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात बसायचं, बायापोरींचं हिमोग्लोबिन फुकट तपासायचं, आणि तपासता तपासता गोष्टी काढायच्या. त्यांची विचारायची पद्धत ठरलेली होती. 'तुमचा विश्वास आहे का' असं कधीही विचारायचं नाही. "विश्वास विचारला का लोकं शाळेतलं उत्तर देतात. 'शेवटची कवा दिसली' असं विचाराचं."

लोक सांगतही. कुठे ती नजरेनं रक्त ओढायची, कुठे मांजर होऊन पाळण्याखाली बसायची. महागावकडे ती पाण्यातल्या सावलीला तोंड लावायची आणि माणूस घरी बसल्या जागी वाळत जायचा. मॅडम ऐकताना लहान पोरीसारख्या पुढे सरकत. परतताना स्कूटी चालवत वाऱ्यात ओरडून मला सांगत, "सावली पेते! पाय बरं! हे कोण्या इंग्रजाले सुचलं असतं का?"

मला मात्र एक खटकायचं. एका हाताने रक्ताची नळी भरायची आणि त्याच तोंडाने रक्त पिणारीची चौकशी करायची, हे काही बरं दिसत नव्हतं. मी एकदा बोललेही. मॅडम हसल्या. "गोष्टी आहेत वं त्या. गोष्टीनं कोणी मरते का?"

त्या फिरण्यातच पारबताबाई भेटली. महागावकडच्या एका गावात, गावाचं नाव सांगत नाही, ती अगदी टोकाच्या घरात एकटी राहायची. नवरा कधीचा गेलेला, मूलबाळ नाही, दोन शेळ्या. तोंडात दात नावाला. पण गोष्ट सांगायला बसली की समोरचा माणूस पापणी मिटत नसे. बाकीचे लोक 'म्हणतात की' असं सांगत. पारबताबाई स्वतःच ती होऊन सांगायची.

"मंग म्या हळूच दार लोटलं," ती आवाज खाली आणून सांगायची. "पोरगी निजेल होती. तिच्या पायाच्या अंगठ्याले म्या धागा गुंडायला. दुसरं टोक माह्या दाताखाली. अन् ओढलं... ओढलं... सकायी पोरगी पांढरीफट्टक."

व्हरांड्यातल्या बाया किंचाळल्या आणि मग हसत सुटल्या. पारबताबाईही खोकेपर्यंत हसली. मॅडमनी ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. एवढ्या हरखल्या होत्या की त्याच संध्याकाळी तो तुकडा त्यांनी वाचकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'राणी सापडली.'

त्याच रविवारी सुनंदा नावाच्या बाईच्या मोठ्या पोरीचं रक्त आम्ही घेतलं होतं. पोरगी दहावीतली, डोळे पिवळसर, सांधे दुखतात म्हणून सारखी शाळा बुडवणारी. सिकलसेल निघाला. मॅडम स्वतः रिपोर्ट घेऊन तिच्या घरी गेल्या, ओसरीवर बसून नवरा-बायकोला समजावून सांगितलं. हा रक्तातलाच आजार आहे, आईबापाकडून येतो, यवतमाळला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या, गोळ्या सुरू करा, लहानीचंही रक्त तपासून घ्या. त्यांनी माना हलवल्या. मग कापूस वेचणीला आला, आणि जाऊ-जाऊ म्हणता राहून गेलं.

थंडीत ती पोरगी गेली.

आम्हाला ते कळलं तेच मुळी त्या गावातल्या, आरोग्य खात्याचं काम करणाऱ्या आशाताईच्या फोनवरून. दुपारची वेळ होती. फोन मी उचलला. आशाताई कुजबुजत होती, "मॅडमले लवकर पाठवा जी. म्हातारीले पारावर बसवलं. तिचाच आवाज मोबाईलवर लावून राह्यले. कबूल केलं म्हणते तिनं."

तो ग्रुपवरचा तुकडा कुठून कुठून फिरत परत त्याच गावात येऊन पोचला होता. 'राणी सापडली' हे शब्द वाटेत गळून पडले होते. उरला होता तो फक्त एका म्हातारीचा आवाज: म्या धागा गुंडायला. सकायी पोरगी पांढरीफट्टक.

मॅडमच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. त्यांनी हातमोजेही काढले नाहीत. "पोलिसाले फोन लाव," म्हणाल्या आणि स्कूटीची किल्ली उचलली. मी मागे बसून फोन लावत होते, आणि वाऱ्यात पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं म्हणून तेच तेच ओरडून सांगत होते.

पार माणसांनी भरला होता. पारबताबाई मधोमध बसलेली, केस सुटलेले, लुगडं खांद्यावरून फाटलेलं, कपाळावर रक्त. ती रडत नव्हती. आपल्याला कोणी ओळखत कसं नाही, असा नुसता नवलाचा चेहरा होता तिचा. एका बाजूला सुनंदा भिंतीला टेकून बसली होती, आणि मेलेल्या पोरीचा काका हातात मोबाईल धरून तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होता.

मॅडम गर्दीतून आत घुसल्या. आधी त्यांनी जे कोणीही सांगितलं असतं तेच सांगितलं. ही गोष्ट आहे, मीच सांगायला लावली, मीच रेकॉर्ड केली. पोरीला आजार होता, रिपोर्ट मी दिला होता. असं वागणं गुन्हा आहे, पोलिस निघालेत.

"शिकलेली बाई म्हातारीले वाचवून राह्यली," मागून कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "पोलिस येऊ द्या. तोवर तं आपल्या हातात आहे." गर्दी एक पाऊल पुढे सरकली. कोणाच्या तरी हातात चिंचेचा फोक होता, तो म्हातारीच्या पाठीवर बसल्याचा आवाज आला. मॅडम मध्ये पडल्या. त्यांच्याही हातावर वळ उठला.

मग त्या सरळ उभ्या राहिल्या. आवाज एकदम शांत झाला. लॅबमध्ये सुई हातात घेताना व्हायचा तसा.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "डाकीण आहे. पण तुमी चुकीची धरली."

गर्दी थांबली.

"घरोघरचं रक्त कोणी नेलं? ह्या म्हातारीनं? हिले तं सुईत धागा ओवता येत नाही. नळ्या कोणाच्या होत्या? त्या पोरीचं रक्त कोणी काढलं? तिच्या मायले विचारा."

सुनंदाने मान वर केली. तिचे ओठ हलले. "तुमी," ती म्हणाली.

"मीच," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण मॅडम थांबल्या नाहीत. हातमोजे घातलेले दोन्ही हात त्यांनी वर केले, आणि सकाळच्या कुठल्या तरी नमुन्याचा लाल डाग त्यांच्यावर होता. कोणीतरी पुटपुटलं, "सकायी लाल पेते ते. म्या पाह्यलं लॅबात."

"पेते," मॅडम म्हणाल्या. "आता ऐका. बाहेरगावची डाकीण आपल्या तोंडानं कबूल झाली का तिले हात लावाचा नसते. जो हात लावंन, त्याच्या घरी पुढची पाळी. तिले तांब्याभर पानी द्याचं अन् वेशीपोतर वाट सोडाची. ते जाईपोतर तिच्याकडं कोणी पाहाचं नाही. अन् ज्यानं तिची गोष्ट तोंडात घेतली, ते तिच्यासंगं जाते." त्यांनी वाकून पारबताबाईचा दंड धरला. "हिले मी नेते."

चिंचेचा फोक खाली पडला. एका बाईने पाण्याचा तांब्या आणला आणि लांबच ठेवून मागे पळाली. मॅडमनी तो तोंडाला लावून सगळा संपवला. घशाचा घटघट आवाज साऱ्या पाराला ऐकू गेला. आणि मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. अख्ख्या गर्दीने पाठ फिरवली. बाप्ये, बाया, पोरं, तो काका, सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या पाठींच्या रांगेतून आम्ही तिघी चालत निघालो. एकही माणूस वळला नाही.

स्कूटीवर म्हातारीला मध्ये घेतलं. गाव मागे पडल्यावर मॅडमनी स्कूटी थांबवली, खाली उतरल्या आणि तुरीच्या कडेला बसून ओकल्या. प्यालेलं सगळं पाणी बाहेर आलं. "बाई, तुमाले ते कोणी सांगतलं?" पारबताबाईने विचारलं. "एवढ्या उमरीत मले हे माहीत नोतं."

मॅडमनी पदराने तोंड पुसलं. "कोणी नाही सांगतलं, माय. तिथंच उभ्या उभ्या रचलं."

पुढे पोलिसांची गाडी समोरून आली. त्यांनी गावात बैठक घेतली, समज दिली, काहींना ठाण्यावर नेलं. पारबताबाई भाचीकडे बोरी अरबला गेली. शेळ्या मॅडमनी माणूस पाठवून तिच्याकडे पोचवल्या. तो आवाजाचा तुकडा त्यांनी ग्रुपवरून काढून टाकला, आणि तो काढून टाकल्याने काही होत नाही हेही त्यांना लगेच कळलं. पुढे कितीतरी दिवस तो कुठून ना कुठून आमच्याच मोबाईलवर यायचा.

लॅबवर परिणाम व्हायचा तो झाला. महागावकडचे पेशंट पुसदला जायला लागले. शाळेतून सुटलेली पोरं आमच्या दारापुढून पळत जात आणि पळताना डोळ्यांवर हात धरत. मी म्हणायचे, खुलासा करा, बातमी द्या. त्या म्हणायच्या, "मंग ते म्हातारीकडं वळतीन." बस्, एवढंच. बीटाचा रस बंद झाला. रविवारचं फिरणं बंद झालं. सुई टोचताना त्या कोणाला काही विचारीनाशा झाल्या.

आणि म्हणूनच असेल, एकदा उलटं झालं. पैनगंगेकाठच्या एका खेड्यातला म्हातारा रक्त द्यायला आला होता. सुईला घाबरत होता, मन दुसरीकडे लागावं म्हणून आपणच बोलायला लागला. "आमच्याकडं जी, बाहेरगावची डाकीण कबूल झाली का तिले हात लावत नसत. तांब्याभर पानी देत, अन् सारा गाव पाठ फिरवून उभा राहे. माह्या आजीच्या टायमाची गोष्ट आहे."

मॅडमचा हात हलला. इतक्या वर्षांत त्यांची शीर चुकल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. म्हातारा "आई गं" म्हणून ओरडला. मॅडम त्याच्या दंडाकडे पाहत बसल्या आणि पुटपुटल्या, "आजीच्या टायमाची?"

"तं काय जी. माह्या आजीनं डोयानं पाह्यलं."

नमुना मग मी घेतला. मॅडम आतल्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. मी आत गेले तेव्हा म्हणाल्या, "वर्षही झालं नाही वं." मला वाटलं त्या हसतील, कारण घरमालक भूत मिळालं होतं. त्या हसल्या नाहीत.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या अखेरीस एक दिवस भर दुपारी लॅबच्या दारात सुनंदा उभी राहिली. सोबत लहानी पोरगी. तशीच फिक्कट, तसेच पिवळे डोळे. बाकावर दोन पेशंट होते, सुनंदाला ओळखून की तिच्या चेहऱ्याला भिऊन कोण जाणे, ते उठून बाहेर गेले. पोरीला दारातच धरून सुनंदा एकटी आत आली. स्टुलावर बसली. ब्लाऊजची बाही सरकवली आणि हात मॅडमपुढे लांब केला.

"माह्यं घ्या बाई," ती म्हणाली. "कितीबी घ्या. सारं घ्या. मोठीचं घेतलं तं मी काही बोलली नाही. इचं नोका घेऊ."

मी काउंटरच्या मागे होते. ही बाई रक्त तपासायला आली नव्हती. ती जिला डाकीण समजत होती तिच्या दारात, तिच्याच हातात आपली शीर द्यायला आली होती.

मॅडमनी रबर घेतला, सुनंदाच्या दंडाला बांधला आणि रक्त घेतलं. सुनंदाने डोळे मिटले नाहीत. नळी भरताना ती टक लावून पाहत होती.

"आता लहानीचं थोडंसं लागंन," मॅडम म्हणाल्या.

"बाई..."

"सोडाचं असंन तं चाखून पाहा लागते," मॅडम म्हणाल्या.

लहानीचं रक्त घेतलं. दोघींनाही बाहेर बसवलं. तपासणीत जे दिसायचं तेच दिसलं. आईत नुसती खूण, पोरीत आजार. पक्कं करायला यवतमाळलाच पाठवावं लागणार होतं. मॅडमनी सुनंदाला आत बोलावलं.

"सोडली," त्या म्हणाल्या.

सुनंदा खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

"पण अट आहे. दर महिन्याले इले यवतमायच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्याचं. ते देतीन त्या गोया रोज द्याच्या, पानी भरपूर पाजाचं. ताप आला का त्याच दिवशी दवाखाना. एक महिना चुकला, का मले इथं बसल्या जागी समजते."

"चुकनार नाही बाई."

"चुकला तं मी येईन."

सुनंदाने जमिनीला हात लावून कपाळाला लावला, पोरीला उचलल्यासारखं धरलं आणि गेली. मी मॅडमवर उखडले. म्हटलं, हे काय केलंत? तिला सांगायला हवं होतं. आजार आहे, तुमचा काही संबंध नाही, ही सगळी अंधश्रद्धा आहे.

मॅडम बेसिनपाशी हात धूत होत्या. "मोठीच्या वेळेस सांगतलं होतं न," त्या म्हणाल्या. "ओसरीवर बसून सांगतलं होतं. सारं खरं सांगतलं होतं." नळ चालूच होता, हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी त्या धूत राहिल्या.

कादंबरी त्यांनी त्याच आठवड्यात ॲपवरून उतरवली. वाचकांनी ग्रुपवर खूप आरडाओरडा केला. शेवटी राणीचं काय झालं, तेवढं तरी सांगा, म्हणाले. मॅडमनी काही लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मले आता सुचत नाही. सुचलं का भ्या वाटते."

मॅडम गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. वणीला भावाकडे गेल्या होत्या, तिथेच झोपेत गेल्या. इकडे फारसं कोणाला कळलंही नाही. लॅब दुसऱ्यांनी घेतली, मी तिथेच आहे.

परवा उमरखेडच्या बसस्टँडवर कोणीतरी मागून हाक मारली. सुनंदा होती. शेजारी लहानी, आता आईच्या डोक्याच्या वर गेलेली, पाठीवर कॉलेजची बॅग, हातात पाण्याची मोठी बाटली. डोळ्यांत थोडा पिवळेपणा होता, पण पोरगी उभी होती, हसत होती, कोणाशी तरी मोबाईलवर बोलत होती.

सुनंदाने मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. "त्यांइले सांगा जी, एकबी महिना चुकवला नाही. मधात एस.टी.चा संप होता तं ट्रकात बसून गेलतो. सांगसान न?"

मी होय म्हटलं.

"बाई हायेत न जी लॅबातच?"

मी तोंड उघडलं. मॅडम गेल्या, एवढे दोनच शब्द होते. सुनंदा माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या मागे ती पोरगी फोनवर खदखदून हसत होती.

"आहेत," मी म्हटलं. "कालच विचारत होत्या, गोळ्या चालू आहेत ना म्हणून."

इतक्या सहज ते माझ्या तोंडून निघालं की मीच दचकले. सुनंदाचा चेहरा पांढरा पडला. तिने पोरीच्या हातातून फोन काढून घेतला, तिचं मनगट घट्ट धरलं आणि दोघी लगबगीने यवतमाळच्या गाडीत चढल्या.